इवायांचा जादा

दोन हजार बावीस साली मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि त्या बहात्तर वर्षांत घड्याळाला इतका भिणारा आणि माणसाला इतका न भिणारा दुसरा इसम मी पाहिला नाही. हे माझे इवाई, म्हणजे माझ्या सुनेचे वडील. त्यांचं नाव कागदावर उतरवणं मला बरं वाटत नाही, आणि गरजही नाही. सेलूत कोणालाही 'कंट्रोलर कुठं राहतात' विचारा, घरापर्यंत आणून सोडतील. मी चौथी शिकलो. चौथीनंतर बापानं हातात घमेलं दिलं, पुढं घमेल्याची थापी झाली, आणि वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या पिपरी मेघ्यातली निम्मी घरं या हातांनी उभी केली. त्यामुळं शिकलेल्या माणसापुढं मान खाली घालायची मला सवय नाही. इवाई मॅट्रिक. तीस वर्षं एसटी स्टँडवर खिडकीत बसून एकच काम केलं: कोणती गाडी किती वाजून किती मिनिटांनी आली, किती वाजता सुटली, आणि उशीर झाला तर काऊन झाला, ते लिहायचं.

आम्ही पोरगी पाहायला गेलो तेव्हा मी दारात चपला काढत होतो, तर हे आतून घड्याळ पाहतच आले. "जयभीम. अकराचं सांगतलं होतं. अकरा-सतरा झाले." मुलाच्या बापाला कोणी असं बोलतं? मी तेव्हाच परत फिरणार होतो, पण पोरगी पोराच्या मनात भरली होती. लग्नात तर कहर. वरात बँडपुढं नाचत नाचत आली, नाचणाऱ्यांत मीही होतो, आणि मांडवाच्या तोंडाशी हे उभे, खिशातली डायरी उघडून. "चाळीस मिनिट लेट. कारण?" म्हटलं, "कारण काय इवाई, पोराचं लगन हाये!" "तसं नाई जी, कारण लिवा लागते. बिघाड, ट्राफिक, का पाऊस?" मी रागानं म्हटलं, "नाचणं लिवा!" त्यांनी खरंच लिहिलं. 'नाचणे, चाळीस मिनिटे.' रिटायर झाल्यावरही ती खिडकी काही सुटली नाही. घर स्टँडापासून दोन गल्ल्या आत, पण जेवता जेवता गाडीचा आवाज ऐकून सांगत, "हे नागपूरची. क्लच गेला इचा." चहाला बोलावलं तर 'येतो' म्हणत नाहीत. 'चार-दहाले लागतो' म्हणतात, आणि चार-दहालाच दारात लागतात.

जादा नावाचा कुत्रा त्यांना नोकरीतच मिळाला. एका दिवाळीत जादा गाड्या सोडल्या होत्या. त्या गर्दीत कोणाच्या तरी पिशवीमागं आलेलं एक भुरं पिल्लू खिडकीखाली बसलं ते उठलंच नाही. वेळापत्रकात नव्हतं, म्हणून नाव जादा. रिटायरमेंटच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि हा मागं मागं घरी आला. इहीनबाई, म्हणजे त्यांची बायको, गेल्यावर त्या घरात हे दोघंच उरले.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात जादा खोकायला लागला. घशात हाड अडकल्यासारखा खोकायचा, दोन पायऱ्या चढला की बसायचा. इवाई त्याला टोपलीत घालून नागपूरला घेऊन गेले. तिथं छातीचा फोटो काढला, वरून मशीन फिरवलं, आणि डॉक्टरनं सांगितलं की याचं हृदय थकलं आहे. आतली झडप नीट मिटत नाही, रक्त मागं फिरतं, फुप्फुसात पाणी साचतं. बरं होणार नाही, गोळ्यांवर सांभाळायचं. मला हसू आलं. म्हटलं, "इवाई, आमच्या बापाले मरेपर्यंत हार्ट म्हून काई असते हे मालूम नव्हतं, न तुमच्या कुत्र्याचा फोटो निंगाला?" ते हसले नाहीत. म्हणाले, "फोटोत छातीभर तेच दिसते. बाकी कायले जागाच नाई राह्यली."

त्या दिवसापासून त्यांचं घर म्हणजे स्टँड झालं. भिंतीवर वेळापत्रक लागलं: सहाची गोळी, दोनची गोळी, आठची गोळी. पाणी उतरवायची गोळी पोटात गेली की जादाला दर अर्ध्या तासाला बाहेर न्यावं लागे. त्याचे खांब ठरलेले होते, आणि प्रत्येक खांबाला इवाई 'विनंती थांबा' म्हणत. रस्त्यात कोणी गप्पा मारायला उभा राहिला तर त्याला सांगत, "मंग बोलू, अजून तीन विनंती थांबे बाकी हायेत." जेवणातलं मीठ बंद झालं. जादाचं बंद झालं ते ठीक, यांनी आपलंही बंद केलं. "तो समोर बसून पाहून राह्यला, न मी खारं खाऊ?" त्यांच्या घरची बिनमिठाची वांग्याची भाजी मी एकदा खाल्ली आहे, आणि मुलाच्या बापानं पानात टाकायचं नसतं म्हणून दुसऱ्यांदा वाढूनही घेतली आहे. पण सगळ्यात चमत्कारिक म्हणजे त्यांचं स्वतःच्या घरात शिरणं. हे बाहेरून आले की जादा आनंदानं गरगर फिरायचा, उड्या मारायचा, आणि मग दहा मिनिटं धापा टाकत पडायचा. त्याला हुरळू देऊ नका, असं डॉक्टरनं बजावलं होतं. तेव्हापासून हे मागच्या दारानं, चपला हातात धरून, चोरपावलांनी आत येत आणि सकाळपासून तिथंच असल्यासारखे खाटेवर बसून राहत. शेजारीण एकदा 'चोर, चोर' म्हणून ओरडलीसुद्धा. मी म्हटलं, "अजी, सत्तरीचा माणूस आपल्याच घरात असा शिरते का?" तर म्हणाले, "आनंद झाला तं त्याले झेपत नाई. काय करू?" 

आणि मग ते श्वास. जादा गाढ झोपला की हे घड्याळ घेऊन शेजारी बसत. बरगडी एकदा वर होऊन खाली आली की एक. मिनिटात किती झाले ते कागदावर लिहीत. तिसाच्या आत असले तर गाडी वेळेवर. तिसाच्या वर गेले की लगेच डॉक्टरला फोन.

थंडीत इवायांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. वर्ध्याला चार दिवस भरती राहायचं होतं. सून म्हणाली, "बाबा, जादाले आमच्याकडं आणून सोडा." ते ऐकेनात. पोरीच्या सासरी आपलं ओझं टाकायचं नाही, हा त्यांचा मान. इवायाच्या घरचा जीव परक्याच्या दारात जाऊ द्यायचा नाही, हा माझा. शेवटी मीच फोन घेतला. "आणा. मी सोता पाहीन त्याच्याकडं." ते टोपली घेऊन आले, सोबत गोळ्या, घड्याळ आणि रेघा मारलेला कागद. "वेळ, श्वास, सही," त्यांनी समजावलं. "तीसच्या वर गेला तं मले फोन कराजा. सही मराठीत चालते." म्हटलं, "चौथी शिकलो मी इवाई. सही इंग्रजीत करतो."

आता माझी करणी सांगतो. इवायाच्या घरून कोणी आलं तर आमच्याकडं निदान कोंबडा तरी कापतात, आणि पाहुण्यानं हात धुताना 'जास्त झालं' म्हटलं नाही तर घराचं नाक जातं. इथं तर त्या घरचा पाहुणा माझ्या दारात बिनमिठाचा भात हुंगत बसला होता. समोर मी सुकटीच्या रश्श्यात, म्हणजे वाळवलेल्या खाऱ्या मासोळीच्या रश्श्यात, भाकर चुरून खात होतो. त्यानं भाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. बायको म्हणाली, "पाहू नोका त्याच्याकडं. सुनेनं सांगतलं ना, मीठ चालत नाई." मी म्हटलं, "मिठाबिगर आंगात ताकद कोठून येईन? उद्या सेलूत म्हणतीन, मिस्त्र्याच्या घरी कुत्रंबी उपाशी राह्यलं." आणि माझी थाळी त्याच्यापुढं सारली. त्यानं ती अशी चाटली की घासायची गरज राहिली नाही. शेपूट इतकी हलली की मला वाटलं, पाच महिन्यांत या जिवाला कोणी जेवायला म्हणून घातलंच नसेल.

दुसऱ्या दिवशीही सुकट. श्वास मोजले, अठ्ठावीस. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजले तर चौतीस. घड्याळ चुकलं म्हणून पुन्हा मोजले. चौतीसच. फोन करायचा होता. पण फोन केला की पहिला प्रश्न येणार, 'खायले काय दिलं?' त्यांच्याकडं पाच महिने नीट राहिलेला जीव माझ्या घरी तीन दिवसांत बिघडला, हे मी कोणत्या तोंडानं सांगायचं? मी पेन घेतला, अठ्ठावीस लिहिलं, आणि खाली इंग्रजीत सही केली. थाळीत सुकट तशीच चालू ठेवली.

त्याच दुपारी जादा बसला तो आडवा होईना. पुढचे पाय फाकलेले, मान ताणलेली, तोंड उघडं. झोपायला जायचा आणि दचकून पुन्हा बसायचा. जीभ निळसर दिसायला लागली. सून भाजी निवडत होती ती उठून धावली. "मामाजी, सकाळी किती होते?" मी त्याची पाठ चोळत राहिलो. "मामाजी, किती होते सांगा ना!" "चौतीस," म्हटलं. तिनं कागद पाहिला, मग माझ्याकडं पाहिलं, जादाचे श्वास मोजून खाली बावन्न लिहिले, आणि ऑटोवाल्याला फोन लावला.

नागपूर लांब होतं, म्हणून वर्ध्यातल्याच एका डॉक्टरीणबाईंकडं निघालो. ऑटोत तो माझ्या मांडीवर होता. माझ्या तळहाताखाली त्याची छाती अशी चालत होती, जसं कोणी आतून दार ठोठावून राह्यलं. डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढी. तिनं सुई दिली, त्याच्या तोंडावर ऑक्सिजन धरला आणि विचारलं, "बाबा, खायले काय दिलं होतं?" "सांगतलं होतं तेच." "बाबा, मी रागावत नाई तुमच्यावर. पण मले डोस ठरवा लागते." मी आयुष्यात चूक कबूल केली नव्हती. घरमालकापुढं नाही, बायकोपुढं तर नाहीच. पण तो कुत्रा श्वासासाठी मान ताणून माझ्याकडंच पाहत होता, आणि त्या नजरेत तक्रार असती तर एक वेळ मी गप्प राहिलो असतो. त्याच्या शेपटीचं टोक हललं. "सुकट," म्हटलं. "तीन दिवस." ती फक्त "बरं" म्हणाली आणि दुसरी सुई भरली. संध्याकाळपर्यंत त्यानं दोनदा माझं धोतर भिजवलं, छातीतलं पाणी उतरलं, आणि तो माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपला. धोतर ओलं झाल्याचा इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

पाचव्या दिवशी इवाई सुटले आणि टाक्यांवर हात धरून, वाकत वाकत, थेट आमच्याकडं आले. सुनेनं त्यांना काही सांगितलं नव्हतं. ते तिनं माझ्यावर सोडलं होतं. ते बसले आणि आधी कागद मागितला. बोट एकेक ओळ खाली सरकलं आणि तिसऱ्या दिवसावर थांबलं. तीस वर्षं ड्रायव्हरांच्या थापा ऐकलेला माणूस. "दोन दिवस बराबर अठ्ठावीस? अन् त्याच दुपारी एकदम बावन्न?"

"नाई," म्हटलं. "सकाळी चौतीस होते. म्या अठ्ठावीस लिवले." आणि सुकटीपासून सुईपर्यंत सगळं सांगून टाकलं. "इवाई, माझी चूक झाली." हे तीन शब्द बोलायला मला बहात्तर वर्षं लागली.

 त्यांनी खिशातून पेन काढला, अठ्ठावीसवर आडवी रेघ मारली, बाजूला चौतीस लिहिलं आणि कागद माझ्यापुढं केला. "इथं सही करा. दुरुस्ती केली का नोंद पक्की होते." मी सही केली. म्हटलं, "अजी, शिव्या तरी द्या मले."

ते झोपलेल्या जादाकडं पाहत होते. "मी तरी कुठं सारं लिवलं, इवाई? डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, सहा महिने. त्यातले पाच झाले. तीस वर्षं मिनिटाची नोंद सोडली नाई म्या, पण हे कोठीच लिवलं नाई. पोरीलेबी नाई सांगतलं. लिवलं असतं तं रोज पाहा लागलं असतं."

बायकोनं चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनी तो थंड होऊ दिला. दिवस मावळायच्या आत ते टोपली घेऊन सेलूला गेले.

जादा डॉक्टरच्या सहा महिन्यांच्या बराच पुढं निघाला, पुढच्या पोळ्यापर्यंत राहिला. तो कसा गेला ते मी लिहिणार नाही. ते दुःख इवायांचं आहे, सांगायचं तेव्हा ते सांगतील. मला आठवते ती सकाळ, इवाई टोपली घेऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीची. मुलाचा बाप बोलावणं आल्याशिवाय सुनेच्या माहेरी पाय ठेवत नाही, आणि ठेवला तर त्याच्यासाठी खाटेवर नवी चादर पडते, इतकी वर्षं मी हा मान सोडला नव्हता. त्या सकाळी उठलो आणि बायकोला म्हटलं, "सेलूले जातो." "बोलावलं का त्याईनं?" "नाई." तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि धुतलेला सदरा काढून दिला.

मी पोचलो तेव्हा इवाई ओसरीत खाटेवर बसले होते आणि जादा खाली त्यांच्या पायाशी झोपला होता. मला दारात पाहून ते हडबडले, टाक्यांवर हात धरून उठायला लागले. "इवाई? तुमी? काय झालं? सारे बरे हायेत ना?"

"सारे बरे हायेत. उठू नोका, बसा तुमी," म्हटलं. चपला काढल्या, आत गेलो, आणि खाली फरशीवर, कुत्र्याच्या बाजूला जाऊन बसलो.