पिवळ्या बल्बखालची घोंगडी

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. घरात बायकोला नाही, खात्यात तर नाहीच.

पन्नासच्या दशकात मी गोरेगावच्या बाजूला फौजदार होतो. एका तबेल्यामागे, पेंढ्याच्या गंजीत, घरोघरी दूध घालणाऱ्या बाईचं प्रेत सापडलं. गळा दाबलेला, हातातल्या सोन्याच्या पाटल्या गेलेल्या, नखांत गडद लोकरीचे तंतू. दुपारी खबऱ्याने बातमी आणली. तबेल्यातला मालवणी गडी दुधात पाणी घालतो, असं ती सगळ्यांना सांगत सुटली होती. त्यावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. गडी म्हशींची धार काढायचा आणि काळी घोंगडी पांघरायचा. मी त्याला उचलला.

चोवीस तासांत कोर्टात उभा करायचा, तर हातात काहीतरी हवं. सरकारी तपासणीचं उत्तर यायला आठवडे लागत. म्हणून संध्याकाळी तंतू आणि घोंगडीचे धागे घेऊन ओळखीच्या डॉक्टरांचा दवाखाना गाठला. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"दोन्ही काळेच दिसतायत. पण फौजदार, हा बल्ब पिवळा. याच्यात गडद निळंही काळं दिसतं. दिव्यापुढे निळी काच लावली असती तर जमलं असतं, पण ती कंपाउंडरने फोडली. सकाळी या, यंत्राचा आरसा मोकळ्या आभाळाकडे वळवून बघू."

"सकाळी कोर्ट आहे हो. जुळतात ना?"

"या उजेडात जुळतात."

मी त्यातलं 'जुळतात' तेवढं घेतलं आणि वरिष्ठांना आरोपी मिळाल्याचं कळवून टाकलं. त्यांनी पाठ थोपटली.

सकाळी निघायच्या बेतात असताना डॉक्टर स्वतः ठाण्यात आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उजेडात पुन्हा पाहिलं. नखांतले तंतू निळे आहेत. त्याच्या घोंगडीचे नाहीत."

"बघतो मी. तुम्ही दवाखाना सांभाळा," मी म्हणालो. कोर्टात गप्प राहिलो. रिमांड मिळाला.

"यंत्रात दिसलंय रे, कबूल हो!"

"साहेबानू, मी नाय मारलंय तिका. देवाशपथ नाय."

तो कबूल झाला तर डॉक्टर खोटे ठरतील, अशी आशा धरून मी दंडुका चालवत होतो. त्याचं उजवं मनगट मोडलं, तेव्हा तो कबूल झाला.

काही आठवड्यांनी अंधेरीच्या एका सोनाराकडे पाटल्या विकताना तबेल्याजवळच्या कारखान्याचा पहारेकरी सापडला. त्याची लोकरी जर्सी गडद निळी होती, बाहीवर उसवलेली. गडी सुटला. मनगट वाकडंच जुळलं. एका हाताने धार कशी काढणार, म्हणून मालकाने त्याला ठेवला नाही.

पुढे हाताखालच्या फौजदारांना मी बजावत असे, कापडाचा रंग दिव्याखाली बघून पंचनाम्यात लिहू नका, दारात उजेडात नेऊन बघा. ते ऐकत. मी हे का सांगतो, असं कोणी विचारलं नाही.

डॉक्टर वारले. गडी अजून आहे, मालाडला मुलीकडे राहतो. मनगट मी मोडलं, हे त्याला माहीत आहे. तो निर्दोष आहे हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं, हे त्याला माहीत नाही. त्याच्यासमोर बसून ते सांगणं माझ्याकडून अजून झालेलं नाही.