फसली सालची सोडचिठ्ठी

"आधी तारीख सांगा, मंग रडा."

तहसील कचेरीसमोरच्या निंबाखाली कोणी डोळे पुसत आलं की मुन्शीजी हेच म्हणायचे, आणि पाण्याचा लोटा पुढं सरकवायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बोलणं कोरडं, पण लोकांना बसायचं असतं त्याच्याचजवळ.

मी त्यांच्यापासून दहा पावलांवर बसायचो, उन्हात. दोघंही अर्जनवीस, लोकांचे अर्ज-कागद लिहून देणारे. ते निजामाच्या काळापासूनचे, उर्दू पाण्यासारखी. मी मागून आलेला, मराठी शाळेतला, गिऱ्हाइकापुरती तेलुगू येणारा, उर्दूत अडखळणारा. संस्थान मोडलं तेव्हा मी मनात पेढे वाटले. म्हटलं, उर्दू गेली, आता म्हातारा उठला! पुढं आमचा तालुका आंध्रात गेला, पैनगंगेपलीकडचा मुलूख मुंबई राज्यात. तरी सावली त्यांचीच आणि रांगही त्यांचीच. मी जळायचो, खोटं कशाला बोलू? त्यांनी नुसती सुपारी कातरली तरी माझं पित्त खवळायचं.

एकदा ते तापानं घरी होते आणि एक बाई आली. त्यांच्या रिकाम्या जागेपाशी घुटमळत होती. मीच हाक मारली, "इकडं या बाई, मी करून देतो."

तिचं माहेर तलमडुगुकडचं. पहिल्या नवऱ्यानं पंचांसमोर सोडचिठ्ठी दिलेली, निजामी कचेरीत तिची उर्दूत नोंदही झालेली. मग तिनं नदीपलीकडं वऱ्हाडात पाट लावला. वांग्याची बाग, एक लेक, सुखाचं चाललं होतं. ते पाहवलं नाही म्हणून पहिल्यानं तिकडच्या कोर्टात दावा ठोकला, की ही अजून माझीच बायको.

"सायब म्हंते, मोगलाईतला कागद आमाले वाचता येत नाई, मराठीत आना. कागद चालला नाई तं मायी पोरगी कोनाची म्हनाची वो?"

मी ऐटीत मराठी तर्जुमा केला आणि खाली सही ठोकली. कागदावर साल फसली होतं, निजामाच्या कचेऱ्यांत चालायचं ते, महिना अजूर. फसली सालात पाचशे एक्याण्णव मिळवले की इंग्रजी साल येतं, हे मला पाठ होतं. मिळवले.

महिन्याभरानं ती हुंदके देत परत आली. माझ्या तर्जुम्याप्रमाणे सोडचिठ्ठी पाटाच्या नंतरची निघाली होती. एका नवऱ्याची असताना तिनं दुसरा केला, असं ठरायला आलं होतं.

"पंचांनीच साल चुकीचं घातलं असेल," मी म्हणालो. कागद घाईनं तिच्या हातात परत दिला.

सावलीतून आवाज आला, "बाई, इकडं आना तो कागद. आधी तारीख."

मुन्शीजींनी मूळ कागद पाहिला, मग माझा. अजूर हा फसली सालाचा पहिलाच महिना, दसऱ्याच्या आसपासचा. इंग्रजी साल पालटायला तेव्हा अजून तीन महिने असतात, म्हणून पाचशे नव्वदच मिळवायचे. हे म्हाताऱ्याला एका नजरेत दिसलं. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरातली जुनी जंत्री फडक्यात बांधली, फसली आणि इंग्रजी तारखा शेजारी शेजारी छापलेली, आणि तिच्यासोबत बैलगाडीनं नदीपार गेले. वय सत्तरीचं, अंगात कणकण. मला दया नाही आली. म्हटलं, गिऱ्हाईक तर पळवलंच, आता भर कोर्टात माझी अब्रूही काढणार.

तिसऱ्या दिवशी येऊन पुन्हा सुपारी कातरत बसले.

"काय झालं?" मी लांबूनच विचारलं.

"कागद चालला."

एवढंच. मी वर्षभर त्यांच्याशी धड बोललो नाही.

पुढच्या हिवाळ्यात मुन्शीजी गेले. त्यांचं दहावं झालं आणि अकराव्या दिवशी मी माझी पेटी उचलून सावलीत मांडली. किती वर्षं डोळा होता त्या जागेवर!

त्याच महिन्यात ती बाई वांग्यांची टोपली घेऊन आली. "मुन्शीजी कुठं हायेत?"

मी सांगितलं. तिनं टोपली खाली ठेवली. म्हणाली, "तुमच्यासाठी लबाड बोलले बापा ते."

"माझ्यासाठी?"

"सायबानं इचारलं, तर्जुम्यात चूक कोनाची? मुन्शीजी म्हने, मायी. उर्दू म्या वाचून दाखोली, त्या पोरानं नुसतं लिवलं. मी बोलाले गेली तं मायावरच डोळे वटारले. येताना गाडीत म्हने, त्याले अजून लय वर्सं बसाचं हाय तिथं."

हेवा तेव्हा तरी जावा की नाही? नाही गेला. असं लबाड बोलणं मला सात जन्मांत जमलं नसतं, ह्याचा हेवा वाटला. "बाई, चूक माझीच होती," मी म्हणालो.

"मले काय ठाव नाई?" ती म्हणाली. टोपली तिथंच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा माझ्या जुन्या जागी बसतो. लोक विचारतात, "सावली मोकळी हाय, उनात काऊन बसले?" काय सांगणार? मी लोटा पुढं सरकवतो आणि तारीख विचारतो.