बत्तीसपैकी नऊ

आमच्या डॉक्टरांशी सिनेमावरून वाद घालून आजवर कोणीही जिंकलेलं नाही. कारण साधं आहे. डॉक्टर दातांचे आहेत, आणि वाद सुरू होतो तेव्हा समोरच्याच्या तोंडात कापसाचे चार बोळे, एक छोटा आरसा आणि थुंकी ओढणारी नळी असते. "गाणी जरा जास्तच झाली, नाही का?" असं डॉक्टर विचारतात. समोरचा "आँ" म्हणतो. "तेच म्हणतोय मी," असं म्हणून डॉक्टर ड्रिल चालू करतात. गेली एकोणीस वर्षं मी त्यांच्या दवाखान्यात नंबर लावायचं, फोन घ्यायचं आणि भेदरलेल्या माणसांना आत ढकलायचं काम करते. एवढ्या वर्षांत आपलं म्हणणं खोडून काढणारा माणूसच न भेटल्यामुळे आपलं मत बरोबर असतं अशी त्यांची अगदी प्रामाणिक समजूत झालेली आहे.

माणूस लाखात एक आहे, हे आधीच सांगून टाकते. हात इतका हलका, की दात निघून ताटलीत पडला तरी लोक विचारतात, "कधी काढणार?" व्यसन म्हणाल तर एकच. दर शनिवारी संध्याकाळी वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन सिनेमाला जायचं आणि सोमवारी सकाळी बाहेरच्या खोलीतल्या पांढऱ्या फळ्यावर त्याचा निकाल लावायचा. फळा खरं तर दात कसे घासावेत ते दाखवायला आणला होता. एका कोपऱ्यात अजून अर्धा ब्रश शिल्लक आहे.

गुण बत्तीसपैकी. दुसरा कुठला आकडा त्यांना सुचणार? त्यातले अठ्ठावीस साध्या गोष्टींसाठी आणि चार अक्कलदाढा कथेसाठी राखीव. त्या चार दाढा आजवर एकाही सिनेमाला पूर्ण मिळालेल्या नाहीत. एका सिनेमाला दोन मिळाल्या होत्या, तर शेवट बघून त्यातली एक परत काढून घेतली.

आता हे गुण ते कशावरून देतात, ते ऐका. माणसं सिनेमात नट बघतात, नटी बघतात, कपडे, घरं, मारामाऱ्या बघतात. आमचे डॉक्टर दात बघतात. बाकी काहीही बघत नाहीत. मागच्या महिन्यात भुताचा सिनेमा आला होता. शेजारचे लोक किंचाळत होते म्हणे, आणि आमचे डॉक्टर संतापले होते. सोमवारी फळ्यावर निकाल लागला : "तीनशे वर्षं विहिरीत राहिलेल्या भुताला एकही कीड नाही. अकरा गुण." त्याच्या आधीच्या आठवड्यात एक कैदी भुयार खणून तुरुंगातून पळाला. "बारा वर्षं तुरुंगात, ब्रश एकदाही दाखवलेला नाही, आणि पळताना हसतो कसा तर पांढराशुभ्र. तेरा गुण. भुयार चांगले." एका प्रेमकथेला मात्र बावीस मिळाले, का, तर नायिकेचा सुळा किंचित वाकडा होता आणि तो कोणी सरळ करून घेतला नव्हता. त्या सिनेमात ती शेवटी मरते हे डॉक्टरांना माझ्याकडून कळलं.

या सगळ्याशी टक्कर घ्यायचं ते एकच माणूस, त्या म्हणजे गणिताच्या बाई. निवृत्त शिक्षिका, दाढा कमकुवत, जीभ ठणठणीत. त्या वाद घालायच्या चूळ भरताना. चूळ भरायला जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात एक वाक्य, मग पुन्हा तोंडात नळी, मग पुढच्या चुळीला पुढचं वाक्य. एका सिनेमावरचा वाद त्यांनी तीन भेटींत पूर्ण केला होता.

तर आता वहिनींचं सांगते. वहिनींना मी बोलकं कधी पाहिलंच नाही. रोज दुपारी एक वाजता डॉक्टरांचा डबा घेऊन यायच्या, फळा वाचायच्या, गालातल्या गालात हसायच्या आणि जायच्या. पण दीड वर्षापूर्वी एकदा डबा ठेवल्यावर माझ्या टेबलाशी रेंगाळल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोणाला सांगणार नसाल तर सांगते. मी सिनेमात काम केलंय."

मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते.

झालं होतं असं. वहिनी चार दिवस बहिणीकडे राहायला गेल्या होत्या. बहिणीच्या गल्लीत सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं. बसथांब्यावर उभी राहणारी बाई आजारी पडली आणि दिग्दर्शकाने बघ्यांच्या गर्दीतून वहिनींना बोलावलं. काम काय, तर नायकाची बॅग चोर बदलतो, ते ही बाई बघते. नायक धावत येऊन विचारतो, "माझी बॅग कोणी घेतली का?" आणि ती मान हलवून नाही म्हणते. बस. चौदा सेकंद. पण पुढचा सगळा सिनेमा त्या एका नाहीमुळे घडतो.

"पंचावन्न वर्षांत मला कोणी पुढे उभं केलं नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "यांना मी सांगितलेलं नाही. सिनेमा लागला की नेहमीसारखे जाऊ. मी काही बोलणार नाही. त्यांनी मला पडद्यावर बघायचं आणि एकदम म्हणायचं, अगं, ही तर तू! एवढंच हवंय मला."

हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. मी शपथ घेतली आणि दीड वर्ष ती पाळली. माझ्या स्वभावाला ते किती जड गेलं, हे माझ्या घरच्यांना विचारा.

शेवटी एकदाचा तो सिनेमा लागला. शनिवारी दोघं गेले. रविवार मी कसाबसा ढकलला. सोमवारी साडेनऊलाच दवाखान्यात पोचले, तर डॉक्टर माझ्याही आधी येऊन फळ्यापाशी उभे. मी म्हटलं, ओळखलं! आता बत्तीसच्या बत्तीस! आणि मग त्यांनी लिहिलेलं वाचलं.

"नऊ गुण. नायकाच्या वरच्या चार कॅपा स्पष्ट दिसतात, आणि म्हणे गरीब हमाल. चोराचा चावा तिरका, वरखालचे दात जुळत नाहीत, तरी तो कणीस खातो, हे अशक्य. बसथांब्यावरची बाई नुसती बघत राहते. अशी बाई प्रत्यक्षात कुठेही नसते."

मी फळा पुसावा म्हणून फडकं उचललं, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "शेवटचं वाक्य जमलंय ना?" आता याला काय म्हणावं!

एक वाजता वहिनी आल्या. त्यांनी फळा वाचला. दोनदा वाचला असावा, कारण बराच वेळ उभ्या होत्या. मग डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि न हसताच निघून गेल्या. मला त्यांच्या मागे धावावंसं वाटत होतं, पण आतून एक माणूस "आँ आँ" करून बोलावत होता आणि डॉक्टर त्याला कणीस समजावून सांगत होते.

त्या दिवसापासून वहिनींनी घरात तोंड उघडणं बंद केलं. भांडण नाही, रडणं नाही, विचारलं तर नुसतं "हं." मंगळवारी डॉक्टर काळजीत पडून मला म्हणाले, "हिचा जबडा आखडलाय की काय, कळत नाही. रात्री दात खात असेल झोपेत. कालपासून तोंडच उघडत नाही."

"डॉक्टर," मी म्हटलं, "जबड्याला काही झालेलं नाही."

"तुम्हाला काय कळतं जबड्यातलं?"

माझा पारा असा चढला! पण शपथ आडवी आली. मी गिळून टाकलं आणि गणिताच्या बाईंना आत पाठवलं, कारण त्यांचा नंबर होता. आत जाता जाता बाईंनी फळा वाचला आणि जागच्या जागी थबकल्या. "अहो, पण ही तर..." असं म्हणून माझ्याकडे बघितलं. सिनेमा त्यांनी पाहिलेला होता, आणि एक वाजता डबा आणणाऱ्या वहिनींनाही त्या ओळखत होत्या. तुम्हीच सांगा, असं मी डोळ्यांनी विनवलं. मी शपथ घेतली होती, बाईंनी थोडीच घेतली होती! त्यांना मी जवळजवळ ढकललंच खुर्चीत.

पुढचं मी दारात उभी राहून पाहिलं. बाई बसल्या बसल्या म्हणाल्या, "डॉक्टर, ती बसथांब्यावरची..." तोवर तोंडात कापूस गेला.

"हो ना!" डॉक्टर खूश. "तुम्हीही पाहिलात? काय ते बघणं! मी म्हणतो, घ्यायचीच होती तर जरा बरी बाई घ्यायची."

"आँ आँ!" बाईंनी दोन्ही हात हवेत उडवले.

"अगदी बरोबर. हातवारे तरी करायचे!"

"आँ आँ आँ ओ!" बाई खुर्चीत अर्ध्या उठल्या. डॉक्टरांना वाटलं दुखतंय. त्यांनी भूल दिली. आता तर जीभही बधिर झाली. बाईंचे डोळे पाण्याने भरले, आणि ते दाढेमुळे नव्हतं. शेवटी पंचवीस मिनिटांनी चुळीची वेळ आली. बाईंनी चूळ भरली नाही, पाणी सरळ स्वतःच्या अंगावर सांडलं आणि लुळ्या जिभेने, पण गणिताच्या तासाला लागायचा तसा आवाज लावून ओरडल्या, "ती तुमची बायको आहे!"

डॉक्टरांच्या हातातला आरसा ताटलीत पडला.

दुपारचे तीन नंबर मला रद्द करावे लागले. डॉक्टर तडक सिनेमाला निघाले आणि साक्षीदार हवा म्हणून मलाही ओढून घेऊन गेले. बसथांबा आला. पुढे चोर, कणीस खाणारा, तिरक्या चाव्याचा. मी शपथेवर सांगते, डॉक्टरांची नजर आपोआप त्याच्या तोंडाकडे वळली. मी कोपराने ढोसलं. तेव्हा त्यांनी आपला पंजा डोळ्यांपुढे आडवा धरला, चोर झाकला, आणि वरच्या अर्ध्या पडद्यावर त्यांना बायको दिसली. वहिनींनी काय काम केलं होतं हो! ओठ घट्ट मिटलेले, सगळं डोळ्यांत. नायक विचारतो, आणि त्या अशी मान हलवतात की बदलाबदली स्वतः बघितलेले आपणही क्षणभर फसतो. डॉक्टर अंधारात कुजबुजले, "सिनेमा लागायच्या आधी महिनाभर ही माझ्याकडे अशीच रोखून बघायची. मला वाटलं, पित्त झालंय. मी तिला गोळ्या आणून दिल्या."

मी तिथेच हसले. मागच्या रांगेने आम्हाला गप्प केलं.

बुधवारी सकाळी फळ्यावर नऊचे एकतीस झाले होते. खाली बारीक अक्षरात : "बसथांब्यावरची बाई अप्रतिम." डॉक्टर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. बाहेर सहाजण बसले होते, त्यातल्या एकाचा गाल टम्म सुजला होता. बरोबर एक वाजता वहिनी आल्या, डबा ठेवला, फळा वाचला, आणि माझ्या टेबलावरचं फडकं उचलून एकतीस पुसून टाकले. पेन घेतलं आणि स्वच्छ अक्षरात पुन्हा नऊ लिहिले.

डॉक्टर हातमोज्यांसकट बाहेर आले. "अगं, असं काय करतेस?"

"सिनेमा नऊचाच होता," वहिनी म्हणाल्या. दोन दिवसांनी फुटलेली वाचा ती. "मलाही कळतं तेवढं. नायक हमाल वाटतच नव्हता. मी गुण मागत होते का तुमच्याकडे? जन्मभर शेजारी बसले तुमच्या. समोर पडद्यावर हत्तीएवढी दिसत होते, तरी तुम्ही मला ओळखलं नाही. का, तर माझं तोंड बंद होतं!"

सुजलेल्या गालाच्या माणसानेसुद्धा कण्हणं थांबवलं होतं. डॉक्टर ओशाळून उभे राहिले. मला वाटलं, आता हे बत्तीस करतील आणि सगळा बट्ट्याबोळ होईल. पण त्यांनी फळ्याकडे बघितलंही नाही. "आत ये," एवढंच म्हणाले, आणि वहिनींच्या खांद्याला हात लावून त्यांना आत नेलं. दार अर्धवट उघडं राहिलं, ते लोटून घेणं माझं काम होतं, आणि ते मी केलं नाही.

वहिनी खुर्चीत बसल्या. डॉक्टरांनी हातमोजे काढले, तोंडावरचा मास्क काढला आणि वरचा दिवा लावला. इतक्या वर्षांच्या सवयीने वहिनींनी डोळे मिटून आ केला.

"मिट," डॉक्टर म्हणाले. "डोळे उघड आणि तोंड मिट."

मग ते स्टूल ओढून समोर बसले आणि नुसते बघत राहिले. दिव्याखाली एखादा बारीक दात तपासावा तितका वेळ, नाही, त्याहून जास्त. सुरुवातीला वहिनी रागाने बघत होत्या, मग त्यांना हसू यायला लागलं, ते त्यांनी दाबून धरलं. शेवटी डॉक्टरांनी बोट पुढे केलं आणि त्यांच्या डाव्या भुवईला हलकेच लावलं.

"हा तीळ," ते घाबरत घाबरत म्हणाले, "कधीपासून आहे?"

"लग्नाच्या आधीपासून," वहिनी म्हणाल्या.