पांढऱ्या राजरस्त्यावरचा अर्धा प्रेक्षक

मेंडल प्लॉटकिनने बावीस वर्षांत ब्रॉडवेवर तीनशेच्या वर नाटकं पाहिली, आणि सगळी अर्धीच. दिवसभर कपड्यांच्या कारखान्यात लोकांच्या विजारींना इस्त्री करायची आणि संध्याकाळी पांढऱ्या राजरस्त्यावर हजर व्हायचं. ब्रॉडवेला विजेच्या पांढऱ्या दिव्यांवरून पडलेलं हे नाव १९३८ साली म्हाताऱ्यांच्याच तोंडी उरलं होतं. आता तिथे लाल-हिरव्या जाहिराती लुकलुकत, पण मेंडलला ते मान्यच नव्हतं.

मध्यंतराला लोक सिगारेट ओढायला फुटपाथवर आले, की हा गडी कडाक्याच्या थंडीतही कोटाशिवाय, हातात नाटकाचं जुनं माहितीपत्रक घेऊन त्यांच्यात मिसळायचा. प्रेक्षकांचे कोट आतच ठेवलेले असत, त्यामुळे अंगात ओव्हरकोट असला म्हणजे माणूस बाहेरचा, हे दरवान बरोबर ओळखत. घंटा झाली की गर्दीबरोबर बिनतिकीट आत, आणि दिसेल त्या रिकाम्या खुर्चीत. पहिल्या अंकात लोक नुसते एकमेकांची ओळख करून देतात, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

हातमोज्यांच्या दुकानातल्या गसी गिटलमनला तो तीन वर्षं झुलवत होता. लग्नाचं नाव निघालं की गाडी पास्ट्रामीच्या सँडविचवर न्यायचा. शेवटी तिनेच दोन तिकिटं काढली.

"अख्खं नाटक बघायचं, मेंडल. आणि सुटल्यावर लग्नाचं काय ते सांगायचं."

"पांढऱ्या राजरस्त्यावर तिकीट काढून? लोक काय म्हणतील?"

"बावीस वर्षं काय म्हणतायत, ते सांगू का?"

पहिला अंक त्याला चक्क आवडला. गसीला होकार द्यायचा, हेही त्याने मनाशी ठरवून टाकलं. मध्यंतराला ती खुर्चीतच बसली आणि हा सिगारेट ओढायला बाहेर आला. तेवढ्यात शेजारच्या थिएटरची घंटा झाली. पाय सवयीने गर्दीबरोबर निघाले.

पडदा वर गेल्यावर आपण भलतीकडे बसलोय हे त्याला कळलं. तेव्हाच उठायला हवं होतं. पण नायिकेने नुकतंच पिस्तूल बाहेर काढलं होतं.

तो बाहेर आला तेव्हा गसी फुटपाथवर उभी होती. त्याने खरं काय ते सांगून टाकलं.

"मग शेवटी काय झालं तिकडे?" तिने विचारलं.

"ती त्याला सोडून जाते."

"बरं करते," गसी म्हणाली आणि भुयारी रेल्वेच्या पायऱ्या उतरून गेली.

मेंडलला तिथेच रडू कोसळलं. पहिला अंक पाहिलेलं आयुष्यातलं ते एकच नाटक, आणि त्याचा शेवट ज्या बाईला विचारायचा ती पुन्हा कधी त्याच्याशी बोलली नाही.