अर्ध्या तिकिटाची हाडं

माझ्या आईचं मनगट मी मोडलं. (ती गोठ्यात घसरून पडली हे खरं, पण तो किरकोळ तपशील झाला.)

मतदार यादी करायला आलेल्या गुरुजींनी आईचं वय विचारलं. तिच्या जन्माची नोंद कुठंच नव्हती आणि पासष्टीनंतर एसटीत अर्धं तिकीट असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. (बायकांना सरसकट अर्धं तिकीट तेव्हा नव्हतं.) मी तिला उभ्या उभ्या दहा वर्षांनी म्हातारी केलं! सांगवी-बारामती अर्ध्यात सुरू झाली. स्वतःच्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

पुढं बारामतीत हाडं तपासायचं मोफत शिबिर भरलं. आईची कंबर सहा महिने ठणकत होती. "वैरणीचा भारा आता उचलवत न्हाय, सुद्या," ती रोज म्हणायची. तिथं तिची टाच गार जेल लावून यंत्रात ठेवली. वय विचारल्यावर मी ओळखपत्र पुढं केलं. अडुसष्ट! कागद बाहेर आला. त्या त्या वयाच्या चांगल्या हाडांचा, वयाबरोबर उतरत जाणारा एक पट्टा, आणि पट्ट्याच्या मधोमध आईचा ठिपका.

"वयाच्या मानानं छान आहेत हाडं!" तपासणाऱ्या बाई म्हणाल्या.

हे प्रमुख पाहुण्यांनी ऐकलं. झालं! आईला स्टेजवर नेऊन शाल, नारळ. "ही आपल्या उसाच्या मातीची ताकद!" टाळ्या! आई माझ्या कानाशी कुजबुजली, "सुद्या, खुर्ची माग की. कंबर मोडतीय."

मी तो कागद फ्रेम करून देवांच्या शेजारी टांगला. आई कण्हली की मी फ्रेमकडं बोट दाखवायचो.

"अहो, भारा तुमीच आणा की," बायको म्हणाली.

"शास्त्र आहे ते! यंत्र खोटं बोलतं का?"

"यंत्र न्हाय बोलत रं," असं म्हणून आईनं भारा उचलला.

तिसऱ्या महिन्यात ती घसरली. मी दवाखान्यात फ्रेमसकट हजर!

"एवढ्याशा पडण्यानं मनगट मोडलं? वय नक्की किती?" डॉक्टरांनी विचारलं.

मी छताकडं बघितलं.

"ह्यो माझा थोरला," आई म्हणाली. "मी सोळाची आसताना झाला. ह्याला आता बेचाळीस. तुमीच बघा."

डॉक्टरांनी फ्रेमच्या काचेवर पेनानं आईचा ठिपका दहा वर्षं मागं सरकवला. तो पट्ट्याच्या पार खाली गेला.

"हाडं अडुसष्टची आहेत," ते म्हणाले. "बाई अठ्ठावन्नच्या."

परतीच्या एसटीत मी म्हणालो, "दोन सांगवी. दोन्ही फुल."

"आजीचं कार्ड हाय की!" कंडक्टर म्हणाला.

"ते खोटं आहे. मीच वय वाढवून सांगितलं." सगळी गाडी वळून बघायला लागली. "आई, चुकलो गं मी. तू दुखतंय म्हणत होतीस आणि मी कागद वाचत बसलो. उद्यापासून भारा मी आणीन."

आईनं प्लास्टरचा हात मांडीवर सावरला.

"फुल तिकीट हाय न्हवं माझं?"

"हो."

"मग ऊठ. प्लास्टरचा हात ठेवायला जागा लागती."

दोन फुल तिकिटं काढून सांगवीपर्यंत मी उभा होतो!