शाहूवाडीच्या शिवारातली लढाई

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. लग्नाची ब्लाऊजं, शाळेचे युनिफॉर्म, एवढाच पसारा. पण गेल्या हिवाळ्यात एका सिनेमाचा कपडेपट सांभाळला, आणि तेव्हापासून माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक तासभर हलत नाही. "ताई, शूटिंगचं सांगा की!" एक किस्सा सांगावा तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. माप राहतं बाजूला!

सिनेमा तसा गंभीर. एका गावातले दोन जिवलग मित्र फौजेत जातात. युद्धात एक जखमी होतो, दुसरा घाबरून त्याला तिथंच टाकून पळतो, आणि मग उभा जन्म त्याची माफी मागायला धडपडतो. गोष्ट ऐकताना मी डोळे पुसले होते. शूटिंगलाही पुसले, पण हसून!

दिग्दर्शक निनाद सर, पुण्याचे. अतिशय सभ्य माणूस. आणि आमचं रणांगण शाहूवाडीत, भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात.

*

शत्रूचे सैनिक म्हणून कोल्हापुरातल्या एका तालमीतली पोरं आणलेली. दंड एवढे, की शत्रूच्या प्रत्येक बाहीला मला कापड जोडावं लागलं.

पहिला सीन. गोळ्या सुटल्या, सगळे धडाधड पडले. एकटा संभा उभा!

"संभा, तुला गोळी लागलीये."

"लागू दे की."

"अरे, मग पड ना!"

"सर, मला आजपर्यंत कोण पाडलेलं न्हाय. वस्ताद सिनेमा बघणार. त्यांना काय तोंड दाखवू?"

सरांनी समजावलं, हात जोडले, चहा पाजला. शेवटी संभानंच तोड काढली. "पाय घसरून पडतो. गोळीनं न्हाय!"

सिनेमा आला की नीट बघा. गोळी सुटते, शत्रू आधी पायाखाली बघतो, मान हलवतो आणि मग पडतो.

*

युद्ध बर्फातलं. शाहूवाडीत बर्फ कुठला? मग कापूस अंथरला आणि वरून मशीननं साबणाचा फेस सोडला. लांबून बघितलं तर खरंच हिमालय!

शेताच्या मालकीण हौसाक्का बांधावर बसून सगळं बघत होत्या. जरा वेळानं उठून घरी गेल्या. आम्ही जेवून येतो तर काय! हिमालयाच्या मधोमध हौसाक्का वाकळा आपटतायत आणि धुतलेल्या चार खंदकाच्या काठावर वाळत घातलेल्या.

"मावशी, हे काय?"

"एवढा फेस फुकट चाललाय न्हवं?"

सर रडकुंडीला आले. "अहो मावशी, युद्धात वाकळा कुठून येणार?"

"मग शिपायांनी काय उघड्यावर झोपायचं व्हय?"

सरांनी जरा विचार केला आणि दोन वाकळा सीनमध्ये ठेवल्या!

*

दिल्या आमचा जखमी शिपाई. शूटिंग संपलं की रोज जवळच्या मलकापूरहून एसटीनं कोल्हापूरला घरी जायचा. एके दिवशी पॅकअपला उशीर झाला, गाडी सुटायला आली, आणि हा मेकअप न पुसताच पळाला. डोक्याला पट्टी, गालावरून रक्त, शर्ट लालभडक. शर्ट माझा, म्हणून मला जास्त राग!

एसटीत चढल्याबरोबर गर्दी बाजूला झाली. कुणी पाणी दिलं, कुणी पुढची सीट मोकळी करून दिली. दिल्यानं डोळे मिटून मान टाकली. डोळे उघडले तेव्हा गाडी एका दवाखान्याच्या दारात, आणि चार माणसं याचे हातपाय धरून उचलतायत!

हा सुटला आणि जो पळाला! मागून एक म्हातारी म्हणाली म्हणे, "एवढं रगत जाऊन बी पळतंय बघा! लहानपणी म्हशीचं दूध पिलेलं दिसतंय."

"अरे, खरं काय ते सांगायचं होतंस की!" मी झापलं.

"सांगणारच होतो, ताई. पण खिडकीची सीट मिळालती न्हवं!"

*

त्या दोन मित्रांच्या लहानपणाची कामं करायला ओम आणि सार्थक अशी दोन पोरं होती. सीन असा, की दोघं पेरू चोरायला जातात, राखणदार येतो, आणि सार्थक ओमला झाडावर सोडून पळून जातो. पुढच्या दग्याची ती सुरुवात.

ॲक्शन म्हटलं की सार्थक पळायचा आणि वळून परत यायचा.

"का आलास?"

"त्यो झाडावर हाय की!"

"तो असणारच. तू पळायचंस."

"त्याला टाकून?"

"सिनेमात रे, बाळा!"

"सिनेमात बी न्हाय."

पुढच्या टेकला तर त्यानं राखणदाराचंच धोतर ओढलं! शेवटी झाडावरून ओम खेकसला, "पळ की लेका! मला मुंग्या चावायल्यात!" तेव्हा कुठं सार्थक पळाला.

जेवायला मात्र बसेना. भिंतीकडं तोंड करून मुसमुसायला लागला. "मी पळालो न्हवं त्याला टाकून."

ओम ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसला. "कट म्हटल्यावर आलास न्हवं परत? जेव आता!"

*

आणि आता शेवटच्या सीनचं.

दोघं मित्र म्हातारे झालेत. जुने फौजी कोट घालून पारावर भेटतात. एक म्हणतो, "चुकलं माझं." दुसरा त्याला मिठी मारतो. संपला सिनेमा.

ठरलेले नट ऐनवेळी आले नाहीत. सरांनी चेहरे बघून गावातले दोघं उचलले. बापू पाटील, शेतकरी. अण्णा चौगुले, मलकापुरात भुसारी दुकान. दोघं शाळेत एका बाकावरचे.

सरांना एवढंच ठाऊक नव्हतं, की दूध संस्थेच्या निवडणुकीत अण्णा मतदानाच्या आदल्या दिवशी बापूंचं पॅनेल सोडून समोरच्या पॅनेलला मिळाले होते. बापू एका मतानं पडले. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद! गावाला ठाऊक होतं, पण गाव कशाला सांगतंय? झाडून सगळं गाव शूटिंग बघायला हजर!

समोर कोण आहे ते दोघांना मी कोट चढवल्यावर कळलं. पण एवढ्या लोकांसमोर मागं सरणार कोण?

"चुकलं माझं," अण्णा जमिनीकडं बघत म्हणाले.

बापू हललेच नाहीत. "ऐकू आलं न्हाय."

परत टेक.

"आवाजात दम न्हाय. परत घ्या!"

"आजोबा, टेक चांगला होता," सर म्हणाले.

"तुम्ही डायरेक्टर असाल. पण माफी मला मागायलाय त्यो!"

गाव हसून लोळायला लागलं. अण्णांचे कान लाल. असं करत करत ऊन उतरलं, मिठी काही झाली नाही. सरांनी कपाळाला हात लावला आणि पॅकअप केलं.

कॅमेरा गाडीत गेला. माणसं पांगली. मी कोटांसाठी थांबले, तर दोघं अजून पारावरच.

"आता म्हण एकदा," बापू म्हणाले.

"कॅमेरा गेला की."

"म्हणूनच म्हणतोय."

अण्णा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ खाली मान घालून बोलत होते. मग बापू उठले, मोटरसायकलला किक मारली. अण्णा कोट सावरत मागं बसले.

"अहो, माझे कोट!"

"उद्या घरला येऊन घेऊन जा, ताई!" बापू ओरडले.

"आणि अण्णांचा?"

"त्यो बी माझ्याकडंच हाय!"