कुर्डूची जुडी

कसबा बावड्यात कुणाच्या शेतात अनोळखी झुडूप उगवलं, की ते उपटून चिमणाबाईंच्या सोप्यात आणून टाकायची पद्धत होती. बाई पान चुरगळायच्या, वास घ्यायच्या, देठ मोडून चीक येतो का बघायच्या आणि तिथल्या तिथे निकाल द्यायच्या. खायचं, जनावराला घालायचं, की उकिरड्यावर टाकायचं. ही विद्या त्यांना सासूनं शिकवली, आणि काही लाडीगोडीनं नव्हे. चुकीचं पान खुडलं, की सासू तेच चावायला लावायची. असलं कडूजहर गिळून मिळवलेलं नाव होतं ते. पोटच्या पोरानं ते एका दुपारीत मातीत घातलं.

श्रावणात सुनेचे वडील उदयसिंह पेठ वडगावहून बायकोला घेऊन जेवायला येणार होते. त्यांनी फोनवरच बजावलं, "पुरणबिरण काय करू नका. इहीणबाईंच्या हातची कुर्डूची भाजी पायजे."

चिमणाबाई आदल्याच संध्याकाळी माहेराहून, नेसरीहून परतल्या होत्या. सकाळी उठून त्या आपल्या उसाच्या बांधावर गेल्या. कुर्डूला अजून तुरे आले नव्हते, पानं कोवळी होती. शेंडे जरासे वळलेले दिसले, पण चार दिवस पाऊस नव्हता, उन्हानं वळले असतील असं त्यांना वाटलं. ओटीभर भाजी खुडून त्या घरी आल्या.

बाईंचा एक नेम होता. रानातली भाजी शिजली, की पहिला घास स्वतः खायचा, मगच दुसऱ्याच्या ताटात वाढायची. त्या दिवशीही त्यांनी तसंच केलं. चव नेहमीचीच लागली. पाहुण्यांनी मागून मागून भाजी खाल्ली. राजवर्धननं मात्र ताटावर हात आडवा धरला. "मला नको, आई. पोट जड हाय."

संध्याकाळी उदयसिंह ओकायला लागले. मग त्यांची बायको, मग सून प्रियदर्शनी, मग खुद्द चिमणाबाई. चौघांनाही दवाखान्यात सलाईन लागलं. शेजारच्या खाटेवरून उदयसिंह मोठ्यांदा म्हणाले, "वय झालं इहीणबाईंचं. तणातलं दुसरंच कायतरी शिजीवलं." राजवर्धन दोन खाटांच्या मध्ये उभा होता. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही.

चौघं बरी झाली, पण प्रियदर्शनी दवाखान्यातून थेट माहेरी गेली. बोलणं बावडाभर झालं. सोप्यात झुडूप आणून टाकणारं कुणी उरलं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाईंचा स्वतःवरचा विश्वास उडाला. आयुष्यभर ओळखीचा असलेला तांदुळजाही त्या डोळ्यांजवळ नेऊन उलटासुलटा करून बघायच्या आणि टाकून द्यायच्या.

अंगात त्राण आल्यावर त्या बांधावर गेल्या. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळाजर्द जळून गेला होता. कुर्डू, केना, हरळी, सगळं एकजात. ऊस तेवढा हिरवागार. खोपीत तणनाशक फवारायचा पंप टांगलेला होता. बाईंना मुलाचा ताटावर आडवा धरलेला हात आठवला.

घरी येऊन त्यांनी राजवर्धनला धरलं. "बांधाला औषध कवा मारलंस?"

"तू नेसरीला गेलतीस तवा."

"आणि ताटात भाजी बघून गप बसलास?"

"पावण्यांच्या म्होरं कसं सांगू? धुतलीया, शिजीवलीया, काय हुतंय म्हटलं. आता सांगितलं तर सासरा प्रियदर्शनीला परत धाडायचा न्हाय. तुझं काय, आई? म्हाताऱ्या माणसाचं चुकतंय. लोक इसरत्यात."

पोराचा संसार मोडला असता, म्हणून बाईंनी ही गोष्ट बाहेर फोडली नाही. पण आज ना उद्या तो आपणहून बोलेल, ही आशा त्यांनी सोडली नव्हती.

काही दिवसांनी शेजारची रशिदा आपल्या परसातली कुर्डूची जुडी घेऊन आली. राजवर्धन पायरीपाशी मोटारसायकल पुसत होता. रशिदानं चाचरत विचारलं, "मावशी, ही खायाची न्हवं? का तुमास्नी आता खरंच ओळखू येत न्हाय?"

चिमणाबाईंनी मुलाकडं बोट केलं. "त्येला इचार. मला ओळखू येतंय का न्हाय, त्यो सांगंल."

राजवर्धननं मान वर केली नाही. "कशाला रिस्क घेतीस, भाभी? वय झालंय तिचं. मंडईतनं मेथी आण की."

रशिदा जुडी तिथंच ठेवून निघून गेली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आला तो नुसता संताप. त्यांनी जुडी निवडली, लसूण-मिरचीवर परतली आणि संध्याकाळी मुलाच्या ताटात वाढली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आधी स्वतः घास घेतला नाही.

"रशिदानं टाकलेली हाय," त्या म्हणाल्या. "म्या अजून चाखल्याली न्हाय."

राजवर्धननं भाकरी मोडली आणि मोठा घास घेतला. ना पान उलटून बघितलं, ना वास घेतला. आईची नजर चुकत नाही, हे सगळ्या बावड्यात त्या एकट्याला पक्कं माहीत होतं. ताट पुसून झाल्यावर त्यानं ते पुढं केलं.

"अजून वाढ की जरा," तो म्हणाला.